हाका थांबला, तार राहिली

कुरवंड्याच्या रानातलं सांबर कुणी संपवलं, या प्रश्नाला लोणावळ्यात दोन ठरलेली उत्तरं मिळतात. बंगलेवाला म्हणतो, गाववाल्यांनी मारून खाल्लं. गाववाला म्हणतो, बंगले आले आणि जनावर गेलं. दोन्ही उत्तरं सांगणाऱ्याच्या सोयीची आहेत, कारण दोन्हींत गुन्हेगार पलीकडच्या बाजूचा असतो. पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले मामा, मामी आणि भाचा अमुक एका घरातले नव्हेत. पण असं बोलणं घाटमाथ्यावरच्या कुठल्याही ओटीवर कानावर पडावं. मामा सत्तरी ओलांडलेले, पोरवयात हाक्यात ओरडलेले. भाचा पुण्यात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत आजोळी आला की मामांशी वाद घालतो.

जागा डोळ्यांपुढे असलेली बरी. लोणावळ्याहून आयएनएस शिवाजीच्या बाजूने गेलं की नागफणीच्या सुळक्याच्या पाठीशी कुरवंडे लागतं. तिथून थोडं पश्चिमेला गेलं की जमीनच संपते आणि कडा सुटतो. खाली चावणी, उंबरखिंड, अंबा नदीचं खोरं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी कारतलबखान याच कुरवंडे घाटाने फौज घेऊन उतरला आणि शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत कोंडलं. अख्खं सैन्य दबा धरून बसेल एवढं दाट रान तेव्हा तिथे होतं. सांबर, भेकर, पिसोरी ही याच रानाची जनावरं.

मामा: पहिलं एक ऐक. तुमच्या पुस्तकात शिकार म्हणजे एक माणूस आणि एक बंदूक. आमच्यात शिकार म्हणजे सगळं गाव. रानातलं पाणी आटलं, पेरणीला अवकाश आहे, अशा दिवसांत मोजके हाके व्हायचे. ठासणीच्या बंदुका दोन-तीन, त्याही पिकाच्या राखणीसाठी म्हणून परवाना काढलेल्या. बंदूकवाले नाळेच्या तोंडाशी दबून बसायचे. बाकीचे पत्र्याचे डबे बडवत खालून वर यायचे. बहुतेक वेळा हात हलवत घरी. मिळालंच काही तर वाटे पडायचे. पहिला बार ज्याचा त्याचा वाटा ठरलेला, देवाचा ठरलेला, डबा वाजवणाऱ्या पोराचा ठरलेला. जिच्या घरातून कुणी आलेलं नाही अशा म्हातारीलाही वाटा जायचा.

भाचा: आणि पोटुशी मादी पुढे आली तर?

मामा: सोडायची. शिंग बघूनच बार टाकायचा, हा नियम.

भाचा: मामा, सांबराच्या नराचं शिंग वर्षाला गळतं आणि नवं येतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी बऱ्याच नरांची डोकी बोडकी असतात. तुमचे हाके नेमके त्याच दिवसांत. मग कारवीच्या झाडोऱ्यातून उधळलेलं जनावर नर की मादी, हे शिंगावरून कसं कळायचं?

मामा: अंगलटीवरून कळतं. मानेवरून कळतं.

भाचा: तुम्हाला कळत असेल. बंदुकीच्या चापावर बोट ठेवलेल्या प्रत्येकाला कळायचं का?

मामा: (थांबून) प्रत्येकाला नाही.

भाचा: मी एवढंच म्हणतो. सांबराची मादी आठेक महिने पोट वागवते आणि एकच पाडस देते. भेकराचंही तेच, एका वेताला एक. डुकरिणीसारखी पाच-सहा पिल्लं नाहीत. समजा एका नाळेत पाच माद्या आहेत. वर्षात पाच पाडसं झाली, त्यातली दोन-तीन जगली. म्हणजे वर्षाला दोन-तीन जनावरं गेली तरी ते रान जागच्या जागीच राहणार. त्याहून एक जास्त गेलं की उतार लागला. तुमचे हाके मोजके होते, मान्य. पण रानात किती उरलंय हे हाका घालण्याआधी कुणी मोजलं होतं?

मामा: मोजायचं कशाला? दिवेलागणीला भेकर कुठून कुठून भुंकतंय ते कान देऊन ऐकलं की कळायचं. एका धारेवरून आवाज यायचा बंद झाला की त्या धारेला त्या वर्षी हाका नाही.

भाचा: हे मला तुम्ही आधी कधी सांगितलं नाहीत.

मामा: तू विचारलंस कधी?

इथे मामांची बाजू थोडी उचलून धरायला हवी. सामायिक रान म्हणजे बेवारस रान, त्याची लूटच होणार, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं आणि जगभरच्या सरकारांना ते फार आवडलं. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मासेमारीची गावं, डोंगरी कुरणं, पाटाचं पाणी यांचा अभ्यास करून दाखवलं की हद्द ठरलेली असेल, नियम गावानेच केलेले असतील आणि मोडणाऱ्यावर डोळा ठेवणारे शेजारीच असतील, तर सामायिक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. भाच्याने हे सांगितल्यावर मामा काय म्हणाले असते, ते लिहायचा मोह आवरत नाही.

मामा: नोबेल मिळालं ना? मग आमच्या आज्याने काय वेगळं सांगितलं होतं?

भाचा: आजोबांचा नियम कुरवंड्यापुरता होता. सांबराला कुरवंड्याची शीव ठाऊक नव्हती. ते रात्रीत कडा उतरून चावणीकडे जायचं. खाली शिमगा झाला की पारध सुरू. तुम्ही सोडलेली मादी खालच्या गावाच्या हाक्यात सापडायची आणि त्यांनी सोडलेली तुमच्या. दोन्ही गावं नियम पाळतायत आणि जनावर दोन्हीकडून मार खातंय. ऑस्ट्रॉमबाईंची पहिली अट हद्दीची, ती इथे कधी जुळलीच नाही.

मामा: खालच्यांशी आमची सोयरीक होती. बोलणं व्हायचं.

भाचा: जनावरावरून?

मामा: (हसून) वाट्यावरून.

भाचा: आणि मग मुंबई-पुण्याचे परवानेवाले. जीपला झोत लावून रात्री फिरणारे.

मामा: त्यांचं नाव आमच्या खात्यावर टाकू नको. त्यांनी डबा वाजवला नाही आणि वाटाही दिला नाही. ते सगळं ७२ ला बंद झालं.

भाचा: कायदा ७२ चा खरा. पण शिकारीचे परवाने देता येतील अशी कलमं त्यात होती, ती १९९१ च्या दुरुस्तीत निघाली.

मामा: बरं, ९१ म्हण. म्हणजे तीस वर्षांहून जास्त झाली. शिकारीने जनावर संपत होतं, तर शिकार थांबल्यावर ते वाढायला हवं होतं. वाढलं का? माझ्या पोरपणी कड्यावर गेलं की सांबराच्या लोळणीचा चिखल दिसायचा, झाडांच्या बुंध्याला शिंग घासल्याच्या खुणा दिसायच्या. आता भेकर भुंकलं तर पोरं मोबाईल काढतात. बोल.

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, आणि इथूनच वादाला खरी धार चढते. जनावर कमी झालं की प्रत्येकाला आपला आवडता आरोपी सापडतो. अमेरिकेत यलोस्टोन उद्यानाच्या उत्तरेकडचे एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) १९९४ साली एकोणीस हजारांच्या घरात होते. १९९५ मध्ये तिथे लांडगे परत आणून सोडले. २०१३ च्या सुमाराला एल्क चार हजारांच्या आसपास उरले. शिकाऱ्यांनी लांडग्याकडे बोट दाखवलं. अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा लांडग्याबरोबर अस्वलं निघाली, दुष्काळ निघाला, आणि उद्यानाबाहेर वर्षानुवर्षं चाललेली माद्यांची शिकारही निघाली. आपल्याकडे लांडग्याच्या जागी बिबट्या आहे, एवढाच फरक.

मामा: बिबट्या वाढलाय, हे तर खरं? भेकर खाणारा तोच.

भाचा: खातो की. पण अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं, २०१४ मध्ये ते छापून आलं. वजनाच्या हिशेबाने त्याच्या पोटात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शंभरात एकोणचाळीस. आणि गुरं-शेळ्या-कुत्री अशी पाळीव जनावरं सगळी मिळून सत्याऐंशी. तिथे शेती आहे, ऊस आहे, आपल्याकडे रान आहे, म्हणून आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण बिबट्याला मोकाट कुत्रं मिळत असेल, तर तो कड्याच्या कपारीत भेकर कशाला शोधेल?

मामी: कुत्र्यांचं मी सांगते. (आतून बाहेर येत) शनिवार-रविवार बंगले भरतात. कोंबडीची हाडं, बिर्याणी, पाव, सगळं कुंपणाबाहेर पडतं. त्यावर वीस-वीस कुत्री पोसतात. सोमवारी बंगल्याला कुलूप. मग सोमवार ते शुक्रवार त्या कुत्र्यांनी काय खायचं? टोळीने रानात घुसतात. मागल्या पावसाळ्यात भेकराचं पिल्लू आपल्या पडवीपर्यंत पळत आलं होतं, मागे पाच कुत्री.

मामा: ते जगलं नाही.

मामी: नाही. तुम्ही दोघं बंदुकीवर भांडताय. गेल्या चार वर्षांत मी बंदुकीचा आवाज ऐकला नाही, कुत्र्यांचा रोज ऐकते.

मामीचं हे बोलणं एखाद्या परिसंवादात वाचायला हवं होतं. देशभरच्या नोंदी गोळा करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्राण्यांच्या ऐंशी जाती निघाल्या. पण त्या पाहणीत वाराचा हिशेब नाही. शनिवारी जेवण आणि सोमवारपासून उपास, ही पर्यटनाच्या गावातली खास गोष्ट आहे, आणि ती मामीच सांगू शकते.

भाचा: वणव्याचं काय? तो बंगलेवाले लावत नाहीत.

मामा: काही वेळा लावतात, सिगारेटने. पण खरं सांगायचं तर गावही लावतं. नवं गवत चांगलं फुटावं म्हणून पेटवायची जुनी खोड आहे. पूर्वी गुरं होती, पट्टा पट्टा बघून जाळायचे, पाळत असायची. आता गुरं नाहीत, पाळत नाही, काडी मात्र आहे. लागली की कडा गाठते.

मामी: गॅस आला, मोळीला कुणी जात नाही. आम्ही रानात जायचो तेव्हा वाटा मोकळ्या राहायच्या. आता रानमोडी माजलीय, माणूस शिरत नाही.

भाचा: आणि हरणाच्या जातीचं जनावर ती खात नाही. जळालेल्या जागेवर पहिली तीच उठते. म्हणजे आग लागली की चारा जातो, आणि परत येते ती रानमोडी.

मामा: वरकसावर आम्ही नाचणी-वरई करायचो तेव्हा भेकर रात्री पिकात यायचं. आम्ही माळ्यावर बसून गोफण फिरवायचो, शिव्या द्यायचो. आता वाटतं, तेही त्याचं एक जेवणच होतं. वरकस विकलं, तिथे प्लॉट पडले. खाली खाचरात इंद्रायणी भात राहिला, तो डुकरं खातात.

भाचा: पाणीही बघा. सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि मेमध्ये कड्यावर ओंजळभर पाणी नाही. कातळ पाणी धरत नाही. जे दोन-चार झरे उन्हाळाभर झिरपायचे, त्यांच्या डोक्यावर बोअर पडल्या. सांबर पाण्याशिवाय राहत नाही.

मामा: मग झालं की! बोअर, बंगला, कुत्री, कुंपण. सगळं बाहेरून आलेलं. मी काय वेगळं म्हणत होतो?

भाच्याने इथे पिशवीतून एक तार काढून ओटीवर ठेवली. दुचाकीच्या क्लचची जुनी तार, हातभर लांब. एका टोकाला सरकगाठ, ओढली की आवळणारी. दुसऱ्या टोकाला झाडाची साल चिकटलेली, कारण ते टोक करंगळीएवढ्या खोडाला चार वेढे देऊन बांधलेलं होतं. वेढ्याखालची साल पार सोलून निघाली होती. आत अडकलेल्या जनावराने तेवढे हिसके दिले होते. फाशाच्या आतल्या बाजूला तांबूस, राठ केस.

भाचा: डुकराचा केस काळा आणि जाड असतो. हा भेकराचा आहे.

मामा: फासकी. (तार हातात न घेता) कुठं मिळाली?

भाचा: एका बंगल्याच्या कुंपणापाशी. जाळीचं कुंपण सरळ कड्यापर्यंत गेलंय. एका जागी पावसाच्या ओहोळाने खालची माती वाहून गेली आहे, तेवढीच दीड हाताची फट. पाऊणशे एकरांच्या उतारावरचं प्रत्येक जनावर आता त्याच फटीतून जातं, दुसरी वाट नाही. त्या फटीत ही तार होती.

मामा: डुकरासाठी लावतात ती. भाताचं पार वाटोळं करतात. नुकसानभरपाईचा अर्ज केला तर वनखातं, महसूल, शेतीखातं, तिघांची माणसं पंचनाम्याला यायला हवीत. तोवर भात मळून होतं.

भाचा: डुकरासाठी लावली हे मला मान्य. पण तार शिंग बघत नाही, मामा. अंगलटही बघत नाही. मादी, पाडस, पोटुशी, जे येईल ते. तुमच्या हाक्यात हात हलवत परत यायचात, कारण जनावराला निसटायला दहा वाटा होत्या. आता वाट एक आणि ती चोवीस तास राखलेली. आता जे मोटारसायकलच्या एका तारेत होतं, त्याला तेव्हा चाळीस माणसं आणि तीन बंदुका लागायच्या.

मामा: (बराच वेळाने) हाका घातला की खालच्या चावणीपर्यंत ऐकू जायचं. कोण गेलं, काय मारलं, किती मारलं, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. याला आवाज नाही.

माझ्या मते निकाल इथेच लागतो. गावकरी आणि बंगलेवाले आपापली उत्तरं वेगवेगळी धरून बसतात म्हणून दोघेही सुटतात. जाळीने जनावर मारलं नाही, ती फक्त हद्द होती. तारेने डुक्कर धरायचं होतं, भेकर चुकून अडकलं. कुत्रं कुणाचंच नाही. प्रत्येक कारण एकटं घेतलं तर क्षुल्लक, आणि कोर्टात उभं केलं तर निर्दोष. पण कुंपणाने वाट अरुंद केली नसती तर फासकी इतकी अचूक झाली नसती. आणि फासकी नसती तर कुंपणाची ती फट जनावराला पार व्हायचा रस्ता ठरली असती. शिकार थांबूनही जनावर का वाढलं नाही, या मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: शिकार थांबलीच नाही. ती सामायिक होती ती चोरटी झाली, गाजावाजाची होती ती मुकी झाली, आणि तिला हाकेकऱ्यांच्या जागी कुंपण मिळालं.

मामांना पूर्ण माफी मी देणार नाही. जुन्या हाक्याचे नियम माणसांच्या न्यायासाठी होते, वाटा कुणाला किती यासाठी. जनावर किती उरावं यासाठीचा नियम त्यात एकच, भुंकण्याचा आवाज ऐकण्याचा, आणि तोही कड्याच्या वरच्या गावापुरता. पण तो नियम करणारी माणसं रोज रानात होती, आणि आज कुठल्याही बाजूला तशी माणसं नाहीत, हा तोटा मोठा आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतात, ते प्रामुख्याने अभयारण्यांत. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनक्षेत्राचं घोंगडं २०११ च्या गाडगीळ अहवालापासून भिजतंय. जुलै २०२४ मध्ये त्याचा सहावा मसुदा निघाला. आणि वाट मोठ्या रस्त्यानेच अडते असंही नाही: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा नवा जोडरस्ता इथे डोंगराच्या पोटातून जातो, त्यातला एक बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बोगद्याच्या डोक्यावरून जनावर चालू शकतं. बंगल्याच्या जाळीवरून चालू शकत नाही.

भाचा: गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ मध्ये रानावरचा सामूहिक हक्क मिळवला. ग्रामसभा बसून ठरवते, काय तोडायचं, काय राखायचं. आपल्याला का जमू नये?

मामा: तिथे ग्रामसभेत बसणाऱ्यांची जमीन गावात आहे. इथे निम्म्या जमिनीचे मालक अंधेरीत नाहीतर कोथरूडला. सभेला बोलावू कुणाला? त्यांच्या माळ्याला?

भाचा: बोलवा की. फट कुठं आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

मामी: आणि कुत्री किती आहेत, तेही.

मामांनी अखेरीस तार उचलली, गाठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटली नाही. “वनखात्याच्या गार्डला दाखव,” म्हणाले, “आणि कुठं मिळाली तेवढंच सांग. कुणी लावली ते विचारलं तर मी नाही सांगणार.” भाच्याने ते मान्य केलं. मीही केलं असतं. तार लावणाऱ्या एकाला धरून जनावराला दुसरी वाट मिळत नाही.

घाटमाथ्यावर ज्यांचे बंगले आहेत त्यांना मात्र एक विनंती. पुढच्या शनिवारी गेलात की जेवणाआधी कुंपणाच्या कडेने एक फेरी मारा, खाली बघत. जाळीखाली फट दिसली तर ती बुजवू नका, मोठी करा; दर काही अंतरावर जमिनीलगतची हात-दीड हात जाळी उचलून आणखी वाटा ठेवा. उरलेलं अन्न कुंपणाबाहेर टाकू नका. आणि गोल वळवलेली तार दिसली, तर तिचा फोटो काढून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तो टोल-फ्री आहे.